ऑर्केस्ट्रा थांबतो तेव्हा

2003 च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये वाल्डब्यूने नावाच्या खुल्या रंगमंचावर बर्लिन फिलहार्मोनिकची मैफल झाली. 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बांधलेली, वीस हजारांवर माणसं बसतील एवढी ही जागा. समोर उभे कंडक्टर सेइजी ओझावा. पियानोवर जाझवाला मार्कस रॉबर्ट्स, बासवर रोलंड गेरिन, ड्रम्सवर जेसन मार्सालिस. कार्यक्रम सगळा जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन रचनाकाराचा. आणि यातली मुद्द्याची गोष्ट अशी की रॉबर्ट्स अंध आहे, दृष्टी लहानपणीच गेलेली. ज्या हातांकडे डोळे लावून अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवतो, ते ओझावांचे हात त्याच्यासाठी नसल्यात जमा. त्याला ओझावा दिसत नाहीत, आणि तो पुढे काय वाजवणार हे ओझावांना ठाऊक नाही, कारण ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही.

या मैफलीचं चित्रीकरण मी बघते तेव्हा पियानोकडे कमी आणि व्हायोलिनवाल्यांकडे जास्त बघते. त्यांच्या समोर छापील पानं आहेत. त्या पानांवरचं संगीत त्यांनी आयुष्यात अनेकदा वाजवलेलं असणार. एका जागी पियानो एकटा सुटतो. गर्श्विनने तिथे जे लिहून ठेवलंय ते वाजवायला फार वेळ लागत नाही. रॉबर्ट्स त्यातली पहिली ओळ घेतो, मोडतो, डाव्या हातात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली जुनी जाझची चाल आणतो, मग बास शिरतो, मग ड्रम, आणि तिघं मिळून निघतात ते निघतातच. एरवी सोळा-सतरा मिनिटांत संपणारी गर्श्विनची ही रचना, ‘रॅप्सडी इन ब्लू’, त्याच्या हातात पंचवीस मिनिटांच्या पुढे जाते. ही जादाची मिनिटं ऑर्केस्ट्राने काय करायचं? बसून राहायचं, पण कान उघडे ठेवून. कारण परतीची खूण येईल ती त्या वाजवण्यातूनच येईल.

आमच्या सांगली-मिरजेच्या माणसाला यात विशेष काय ते चटकन कळत नाही. मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. आमच्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा जातोच, तबलजी ठेका धरून बसतोच, गायक कुठेही भटकून आला तरी मुखडा पकडून समेवर सगळे एकत्र येतात. पण पेटीवाला एक असतो, तबलजी एक असतो. इथे ऐंशी-नव्वद माणसं आहेत आणि त्यांचं सगळं शिक्षण लिहिलेलं अचूक वाजवण्याचं आहे.

तरी ऑर्केस्ट्राला हे थांबणं पूर्वी येत होतं. मोझार्टच्या काळात कॉन्चेर्टोमध्ये, म्हणजे एक वादक पुढे आणि ऑर्केस्ट्रा मागे अशा रचनेत, शेवटाकडे एक जागा मुद्दाम मोकळी सोडत. ऑर्केस्ट्रा एका अपुऱ्या वाटणाऱ्या स्वरसंघावर (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यावर) येऊन थबकायचा, पानावर थांबण्याची खूण असायची, आणि वादक एकटा आपल्या मनाचं वाजवायचा. तिला कडेन्झा म्हणतात. बाकीच्यांना कळायचं कसं की आता आपली पाळी? शेवटी वादक दोन शेजारच्या स्वरांवर लांब कंप घ्यायचा. तो ऐकला की वाद्यं उचलायची. त्याआधी बाखच्या वेळी तर कीबोर्डवाल्याला नुसती खालची सुरावट आणि तिच्यावर आकडे मिळत. 6 म्हणजे अमुक, 7 म्हणजे तमुक. वरचा डोलारा त्याने त्या क्षणी उभा करायचा. बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत मधल्या भागाच्या जागी फक्त दोन स्वरसंघ लिहिलेले आहेत, बाकी काही नाही. हे कॉन्चेर्टो त्याने 1721 मध्ये नजर केले. त्या दोन स्वरसंघांच्या आसपास काय करायचं हे वाजवणाऱ्याने बघावं. हल्ली काही जण ते दोन स्वरसंघ वाजवून निमूट पुढे जातात, मला तो प्रकार भित्रेपणाचा वाटतो.

मग बेथोव्हेन आला. आपल्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत त्याने कडेन्झाच्या जागी स्वतःच स्वर लिहिले आणि वर सूचना टाकली की इथे कडेन्झा करू नये, सरळ पुढे जावं. तो स्वतः भलताच मोठा उत्स्फूर्त वादक होता, तरीही. म्हणजे असं की, तेव्हा तो जवळजवळ बहिरा झालेला होता आणि ते वाजवायला दुसरा कुणीतरी बसणार होता. दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं नव्हतं त्याला. कारण समजण्यासारखं आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत हळूहळू सगळ्यांच्याच कडेन्झा लिहिलेल्या झाल्या, आणि ऑर्केस्ट्राला अनोळखी गोष्टीसाठी थांबायची सवय राहिली नाही. आता तो थांबतो तेव्हाही किती मात्रा थांबायचंय ते पानावर छापलेलं असतं.

म्हणून जाझवाले एखाद्या जुन्या रचनाकाराला हात घालतात आणि मागे सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवतात, तेव्हा लोक जो वाद घालतात तो मला आडरानात गेल्यासारखा वाटतो. मूळ रचना बिघडली का? अहो, आमच्याकडे एकच बंदिश किराण्याचा गायक गातो, ग्वाल्हेरचा गातो, आग्र्याचा गातो. बंदिश बिघडली म्हणून कुणी पोलिसात जात नाही. बघायचं ते हे की त्या ऑर्केस्ट्राला थांबायला लावलं का, आणि थांबल्यावर त्याला ऐकावं लागलं का.

या कसोटीला सगळ्या प्रसिद्ध तबकड्या उतरत नाहीत. जाझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने 1966 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर एक तबकडी काढली. संयोजन क्लाउस ओगरमनचं. बाख, शोपाँ, स्क्रियाबिन, फोरे, ग्रानादोस असे एकेक बडे लोक त्यात घेतले आहेत, आणि एव्हान्सचे स्पर्श असे की ऐकताना आपण श्वास जपून घेतो. पण ऑर्केस्ट्रा? मांडवाला लावलेल्या झालरीसारखा. सुंदर आहे, वारा आला की हलतो, काढून टाकला तरी लग्न लागतं. फोरेच्या ‘पवान’ या रचनेत तंतुवाद्यं आपलं म्हणून घेतात, त्रिकूट आपलं वाजवतं, आणि एकाने दुसऱ्याला कधी अडचणीत टाकलं असं होत नाही. जाक लुसिएचं उलट. 1959 पासून हा फ्रेंच पियानोवाला बास आणि ड्रम घेऊन बाख वाजवत सुटला, लाखो तबकड्या खपल्या, पण माझ्या मते तो सगळ्यात चांगला वाजतो तो ऑर्केस्ट्रा नसताना. बाखचं संगीत आतूनच इतकं चालतं की त्याला ड्रमची जोड मिळाली की पुरे.

गर्श्विनचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्याची ‘रॅप्सडी इन ब्लू’ जन्मली तीच अर्धवट लिहिलेली. पॉल व्हाइटमन नावाच्या बँडवाल्याने न्यूयॉर्कमध्ये 12 फेब्रुवारी 1924 ला जाझचा एक प्रयोगवजा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात गर्श्विनची नवी रचना असल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. गर्श्विनला ते कळलं त्या बातमीतून. हाताशी जेमतेम पाच आठवडे. त्याने रचना दोन पियानोंसाठी लिहीत न्यायची आणि फर्डे ग्रोफेने ती बँडसाठी मांडत न्यायची, अशी घाई. पहिल्या प्रयोगाला पियानोचा एक भाग कागदावर नव्हताच. तो गर्श्विनच्या डोक्यात होता. व्हाइटमनच्या प्रतीवर त्या जागी इतकंच लिहिलेलं होतं की मान हलेपर्यंत थांबा. म्हणजे रॉबर्ट्सने 2003 मध्ये बर्लिनवाल्यांना जे करायला लावलं, ते मूळ रचनेत पहिल्या दिवसापासून होतं. मधल्या ऐंशी वर्षांत छापील प्रती निघाल्या आणि ती मान कुणाला आठवेनाशी झाली.

रचनेची सुरुवात क्लॅरिनेटने होते. खालच्या सुरावर एक कंप, आणि मग एक लांबलचक ओढ वर, वर, वर, थेट वरच्या सुरापर्यंत. गर्श्विनने तिथे सतरा सुटे स्वर लिहिले होते. तालमीत रॉस गॉर्मन या क्लॅरिनेटवाल्याने गंमत म्हणून ते सगळे एकमेकांत वितळवून घसरत नेले, आणि गर्श्विन म्हणाला, हेच ठेव.

हे मी मिरजेतल्या एका मास्तरांना ऐकवलं. मास्तर म्हणजे लग्नाच्या बँडमधले. वय सत्तरीच्या पुढे, आता वरातीत चालवत नाही म्हणून पोरांना शिकवतात. त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांनी फोन कानाजवळ धरला, ती ओढ ऐकली आणि फोन खाली ठेवला.

“परत लावा बघू.”

परत लावलं.

“मींड काढतोय की ओ हा क्लॅरोनेटवर! पण तायी, निम्म्यापातुर काढत न्हाय. निम्म्यापातुर सूर मोजतोय, वर गेल्यावर सोडतोय.”

मग उठून आतून वाद्य आणलं. चांदीचा मुलामा गेलेली कळ, एका सांध्याला दोरा गुंडाळलेला. रीड ओठांत धरून ओली केली. खालच्या बाजूच्या भोकांवर बोटं अशी फट्‌कन उचलता येतात, त्यामुळे तिथे घसरत नेणं अवघड, स्वर तुटतातच. वर गेलं की बोट उचलायचं नाही, भोकावरून बाजूला सरकवायचं, एका वेळी केसभर. आणि नुसत्या बोटांनी भागत नाही. ओठ ढिला सोडायचा, घसा मोकळा करायचा, म्हणजे सूर खाली लोंबतो, आणि मग ओठ घट्ट करत त्याला वर आणायचा. मास्तरांनी दोन प्रयत्न फुकट घालवले, तिसऱ्यात सूर गेला. गॉर्मनइतका स्वच्छ नाही, थोडा चिरका, पण गेला. समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक मागे वळून बघायला लागलं.

“अभंग वाजवताना आमी हेच करतो. हरीऽऽ म्हणताना. फकस्त एवढं लांब न्हाय.”

मी त्यांना सांगितलं की ज्या साली हा गर्श्विन गेला त्याच साली आपले खाँसाहेब गेले. 1937. गर्श्विन जुलैत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, अब्दुल करीम खाँ ऑक्टोबरात. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात, मास्तरांच्या घरापासून चालत जाण्यासारखी. उरुसात त्यांच्या आठवणीची संगीत सभा होते तिथे मास्तर दरवर्षी रात्र जागवतात. त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काहीच नाही, मी उगाच जोडते आहे, पण मास्तरांना ते आवडलं.

पुढे रॉबर्ट्सचं त्रिकूट सुटलं तेव्हा मास्तर गप्प होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो समीक्षकांनी विचारावा असा होता: “मागची माणसं ताल कुणाचा धरत्यात? हात हलवणाऱ्याचा का ढोलवाल्याचा?”

खरी मेख इथेच आहे. मोठ्या ऑर्केस्ट्रात पुढच्या व्हायोलिनपासून मागच्या ट्रॉम्बोनपर्यंत सहज वीसेक मीटर अंतर पडतं. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे पुढचा आवाज मागे पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. एवढ्याने बेथोव्हेनचं काही बिघडत नाही, कारण मागचे लोक कानावर नाही, कंडक्टरच्या हातावर विसंबतात. पण जाझमध्ये लयीचा जो झोल आहे, लिहिताना सारखे दिसणारे दोन स्वर वाजवताना एक लांब एक आखूड होण्याचा, तो मोजला तर असल्याच बारीक अंशांत मोजावा लागतो. आपल्या भजनी ठेक्यातही तसा झोल असतो. तो लिहून दाखवता येत नाही, टाळकऱ्याच्या शेजारी उभं राहूनच अंगात येतो. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या शेजारी कोण उभं असतं? म्हणून कित्येकदा त्रिकूट झोलात चाललेलं असतं आणि मागून व्हायोलिनं सरळ पाय टाकत येतात, आणि दोघांची टक्कर ऐकू येते. बर्लिनच्या मैफलीतही एक-दोन जागी ती मला ऐकू येते. गर्श्विनच्या 1925 च्या कॉन्चेर्टोत तर जास्तच. पण ती टक्कर मला एव्हान्सच्या तबकडीतल्या गुळगुळीत सलोख्यापेक्षा परवडते. निदान दोघं एकाच खोलीत आहेत हे कळतं.

रॉबर्ट्सच्या वाजवण्यात आणखी एक हिशेब आहे, आणि तो बोलून दाखवावा असा आहे. व्हाइटमन स्वतःला जाझचा राजा म्हणवून घ्यायचा, गोरा होता. गर्श्विन गोरा, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. त्याने कान भरून घेतले ते हार्लेमच्या काळ्या पियानोवादकांकडून. त्यातला एक जेम्स पी. जॉन्सन. या जॉन्सननेही पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी एक मोठी रचना केली होती, ‘यामेक्रॉ’ नावाची. ती 1928 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये वाजली, पियानोवर फॅट्स वॉलर. आज ती कितीजणांना माहीत आहे? गर्श्विनची रचना विमानांच्या जाहिरातीपर्यंत पोचली, जॉन्सनची कपाटात गेली. फ्लॉरिडातला काळा रॉबर्ट्स गर्श्विनच्या मोकळ्या जागेत डाव्या हाताची ती उड्या मारणारी चाल घालतो तेव्हा तो नवीन काही आणत नाही. ज्याचं होतं त्याचं तिथे परत ठेवतो, आणि तेही बर्लिनवाल्यांना शांत बसवून. याला पुनर्निर्मिती वगैरे म्हणण्यापेक्षा मी वसुली म्हणेन.

आता थोडं आमच्याबद्दल, कारण सांगलीला नाट्यपंढरी म्हणवून घेण्याची हौस आहे. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी रचून बोलायची. लिहिलेलं होतं ते पद, संवाद उत्स्फूर्त. पुढे संगीत नाटकात गंगा उलटी वाहिली. संवाद लिहून पाठ, आणि पद मोकळं. पात्रं हात बांधून उभी आहेत, राजा उभा, दासी उभी, कथानक ताटकळलेलं, आणि नागठाण्याचे बालगंधर्व ऑर्गन-सारंगीच्या साथीत त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा येतायत, दर खेपेला निराळ्या वाटेने. वर वन्स मोअर. नाटक थांबतं म्हणून तक्रार करणारे तेव्हाही होते आणि नाटक म्हणून त्यांचं बरोबरच होतं. पण बर्लिनला मांडीवर व्हायोलिन ठेवून बसलेली माणसं आणि हात बांधून उभी असलेली ती दासी, यांचं काम एकच.

हे थांबणं आपल्याकडे टिकलं का? नाट्यपदांच्या स्पर्धा ऐका. जुन्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या असायच्या. त्या तीन मिनिटांत त्या दिवशी गायकाला सुचलं ते त्याने गायलं. आता ती सुचलेली तान मुलं स्वरशः पाठ करतात. क्लासमध्ये वहीत लिहून घेतात. पेटीवाल्याला पुढची हरकत आधीच माहीत असते, कारण सकाळपासून आठ मुलांनी तीच घेतलेली असते. बेथोव्हेनने निदान आपल्याच रचनेला कुलूप लावलं, आपण दुसऱ्याच्या उत्स्फूर्त गाण्याला लावलं.

एका स्पर्धेत, कोणती ते सोडा, मी प्रेक्षकांत होते. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली, ‘संगीत स्वयंवर’ या नाटकातलं पद. अंतऱ्यानंतर सगळ्यांना पाठ असलेली तान येणार म्हणून पेटीवाल्याने बोटं आधीच वरच्या सप्तकात नेऊन ठेवलेली. ती गेली खाली. मंद्रात, बारीक आवाजात, चाचपडत. पेटीवाला बावरला, त्याचे दोन स्वर चुकीचे पडले, मग त्याने हात उचलला, तिच्याकडे बघितलं आणि नुसता भाता हलवत ऐकायला लागला. तबलजी पुढे सरसावून बसला. तीन आवर्तनं ती कुठे कुठे फिरली, एकदा सूर हललाही, पण मुखडा घेतला तो असा की तबलजीने समेवर थाप मारताना मोठ्यांदा “वा!” म्हटलं, तेही माइकमध्ये. तिला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेवटच्या भाषणात तिचं नाव न घेता सांगितलं की मूळ चालीशी इमान राखावं.

मास्तरांना हा किस्सा सांगितला. ते वाद्य पुसत होते.

“मग तिला सांगा, आमच्या बँडात ये म्हणावं. वरात तशीबी कुठंतर अडकतीयच.”